शरीरातलं निकोटिन मोजतात कसं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तंबाखू सोडण्याबद्दल लिहिलं होतं, आणि त्यानंतर जी पत्रं नि मेसेज आले त्यात सोडण्यापेक्षा टेस्टबद्दलच लोकांनी जास्त विचारलंय. ऑपरेशनच्या आधी, विमा काढताना, नोकरीच्या मेडिकलला कुठे ना कुठे ही टेस्ट सांगतात आणि मग माणूस घरी येऊन घाबरून बसतो की आता काय निघणार. मी लॅबमध्येच काम करते, हे रिपोर्ट माझ्या हाताखालून जातात, म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, माझं मणक्याचं ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणाले निकोटिनची टेस्ट करून या, पण लॅबच्या कागदावर सीरम कोटिनीन असं लिहिलंय. चुकून दुसरीच टेस्ट झाली का? आणि मणक्याचा नि सिगरेटचा संबंध काय?

टेस्ट बरोबर आहे, काळजी करू नका. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ द्रव. निकोटिन रक्तात फार वेळ टिकतच नाही, साधारण दर दोन तासांनी ते निम्मं होत जातं. म्हणजे रात्री शेवटची सिगरेट ओढून झोपलेल्या माणसाचं सकाळी रक्त घेतलं तर निकोटिन थोडंसंच सापडेल, आणि तोच माणूस लॅबच्या बाहेर एक ओढून आत आला तर भरपूर सापडेल, मग असा आकडा घेऊन डॉक्टरांनी करायचं काय? म्हणून लॅब निकोटिनच्या मागे न लागता त्याचं शरीरात पुढे जे होतं ते मोजते. लिव्हरमध्ये सीवायपी२ए६ नावाचं एक एन्झाइम असतं, शरीरात आलेल्या निकोटिनपैकी ७० ते ८० टक्के निकोटिनचं मुख्यतः त्याच्यामुळे कोटिनीन होतं, आणि हे कोटिनीन निम्मं व्हायला १६ ते १८ तास लागतात. त्यामुळे रोज तंबाखू घेणाऱ्याच्या रक्तात त्याची पातळी दिवसभर बरीचशी एकसारखी राहते, सॅम्पल सकाळी दिलं काय नि संध्याकाळी दिलं काय, निष्कर्ष बदलत नाही. दुसरा फायदा म्हणजे निकोटिन बाहेरूनही सॅम्पलला लागू शकतं, धुरातून, बोटांवरून. कोटिनीन मात्र जवळजवळ सगळं शरीराच्या आतच तयार होतं, त्यामुळे ते सापडलं म्हणजे निकोटिन त्या शरीरातून गेलंय.

आता मणक्याचं. तुमचं ऑपरेशन हाडं एकमेकांना जोडायचं असेल तर तिथे नवीन हाड धरायला हवं आणि त्यासाठी रक्तपुरवठा चांगला लागतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये हाड न जुळण्याचं, जखम चिघळण्याचं प्रमाण जास्त दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय की ऑपरेशनच्या निदान ४ आठवडे आधी सोडलं तर गुंतागुंत कमी होते, आणि त्यापुढचा प्रत्येक आठवडा अजून उपयोगी पडतो. सर्जन तुमच्यावर संशय घेतायत असं मनात आणू नका, त्यांना तुमचं हाड जुळायला हवंय.

प्रश्न : सोडल्यावर किती दिवसांनी टेस्ट निगेटिव्ह येते? कोणी ३ दिवस म्हणतं, कोणी १० दिवस, कोणी महिना. नक्की काय?

तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात कारण तिघेही वेगवेगळ्या टेस्टबद्दल बोलतायत.

रक्ताचा हिशोब सोपा आहे, करूनच बघू. समजा रोज ओढणाऱ्या माणसाच्या रक्तात कोटिनीन २५० नॅनोग्रॅम प्रति मिली आहे (नियमित ओढणाऱ्यांचं बहुतेक वेळा १०० ते ३०० च्या दरम्यान असतं, नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, १७ तास धरलं तर एका दिवसाने ते ९४ च्या आसपास येतं, दोन दिवसांनी ३५, तीन दिवसांनी १३, चार दिवसांनी ५, पाच दिवसांनी २ च्या खाली. आता लॅबने "याच्या वर असेल तर पॉझिटिव्ह" ही रेषा, म्हणजे कटऑफ, कुठे आखलीय ते बघा. पूर्वी ती १४-१५ ला असायची, मग हा माणूस तिसऱ्याच दिवशी निगेटिव्ह. रेषा ३ ला असेल तर पाचवा दिवस उजाडेल. आणि हे सरासरी माणसाचं झालं, ज्याचं एन्झाइम हळू चालतं किंवा ज्याच्या किडन्या नीट काम करत नाहीत त्याला याहून वेळ लागतो.

लघवीत कोटिनीन रक्तापेक्षा साधारण ४ ते ६ पट जास्त असतं, म्हणून तिथे ते जास्त दिवस सापडतं, खूप ओढणाऱ्यांमध्ये आठवडाभर किंवा थोडं जास्तच. इथेही कटऑफ कुठे ५०, कुठे १००, कुठे २०० असतो आणि त्याप्रमाणे उत्तर बदलतं. महिनाभर म्हणणारे बहुतेक केसांच्या किंवा एनएनएएलच्या टेस्टबद्दल बोलत असावेत, ते पुढे येईलच.

त्यामुळे रिपोर्ट हातात आला की पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हा शब्द वाचून थांबू नका, आकडा बघा, सॅम्पल कशाचं होतं ते बघा आणि कटऑफ किती धरलाय ते बघा. या तीन गोष्टींशिवाय रिपोर्टला अर्थ नाही. युनिटही बघा, मायक्रोग्रॅम प्रति लिटर असेल तर तो आकडा नॅनोग्रॅम प्रति मिली इतकाच असतो, पण नॅनोमोल प्रति लिटर असेल तर ५.६८ ने भागायचं. हे न केल्यामुळे १७ चा आकडा बघून लोक हादरतात, प्रत्यक्षात तो ३ असतो.

प्रश्न : ७ आठवड्यांपूर्वी सिगरेट पूर्ण सोडली, देवाशप्पथ एकही ओढली नाही. पॅच लावतो आणि अधूनमधून निकोटिनची गोळी चघळतो. विम्याच्या मेडिकलमध्ये कोटिनीन पॉझिटिव्ह आलं आणि माझी नोंद धूम्रपान करणारा अशी झाली. फार वाईट वाटलं. हे खोडून काढता येईल का?

तुमचं पत्र वाचून मलाही वाईट वाटलं, कारण ७ आठवडे ही खरंच अवघड गोष्ट आहे आणि ती तुम्ही केलीय. पण टेस्ट चुकलेली नाही. पॅचमधलं निकोटिन आणि सिगरेटमधलं निकोटिन रसायन म्हणून एकच आहे, लिव्हर दोघांचंही कोटिनीनच करतं, आणि मशीनला ते कुठून आलं हे कळायचा काही मार्ग नाही. पॅच, च्युइंगम, गोळी, स्प्रे, वेप, तोंडात धरायची पुडी, चघळायचा तंबाखू, तपकीर, सिगरेट, सगळ्यांचं उत्तर एकच येतं. पॅचवर असताना पातळी बहुतेक वेळा स्वतःच्या ओढायच्या दिवसांपेक्षा कमी असते, ढोबळमानाने निम्मी, पण कटऑफच्या वर असतेच.

फरक करायचा असेल तर दुसऱ्या टेस्ट आहेत. तंबाखूच्या पानात निकोटिनशिवाय थोड्या प्रमाणात अॅनाबेसिन नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारं, निकोटिनच्याच जातीचं रसायन) असतं, ते औषधी पॅच-गोळ्यांमध्ये नसतं. लघवीत कोटिनीन भरपूर आणि अॅनाबेसिन २-३ नॅनोग्रॅमच्या खाली, असं चित्र असेल तर ते पॅचशी जुळतं. कोटिनीनही आहे आणि अॅनाबेसिनही वर आहे म्हणजे तंबाखू चालू आहे. वेपच्या काही द्रवांमध्ये मात्र अॅनाबेसिनचे अंश सापडलेत, त्यामुळे वेप करणाऱ्यांसाठी ही टेस्ट तितकी स्वच्छ नाही. दुसरं एनएनएएल. तंबाखूमध्ये जे नायट्रोसामीन नावाचे कॅन्सर करणारे पदार्थ असतात त्यातल्या एकापासून शरीरात हे तयार होतं आणि फार सावकाश बाहेर पडतं, सोडल्यावरही कित्येक आठवडे लघवीत सापडत राहतं, त्यामुळे ते सापडलं तरी "आत्ता ओढतोय" असा अर्थ लगेच काढता येत नाही. तुमच्या बाबतीत तर मी अॅनाबेसिनच म्हणेन.

विमा कंपनीला लेखी विनंती करा की अॅनाबेसिनची तपासणी करावी, सोबत पॅच लिहून दिलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. पण एक आधीच सांगते, बऱ्याच विमा पॉलिसींच्या नियमात "कुठल्याही स्वरूपातलं निकोटिन" असंच लिहिलेलं असतं, तसं असेल तर अॅनाबेसिन निगेटिव्ह येऊनही नोंद बदलेलच असं नाही, मग निकोटिन पूर्ण थांबल्यावर किती काळाने पुन्हा अर्ज करता येतो ते विचारा. आणि कृपा करून या रागात पॅच काढून टाकू नका! डॉक्टरांनी ठरवून दिलेला कोर्स पुरा करा, पॅच लवकर काढून माणूस पुन्हा सिगरेटकडे वळला तर तो तोटा कितीतरी मोठा आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगते, सॅम्पल द्यायच्या आधी जो फॉर्म भरून घेतात त्यात पॅच, गम, वेप सगळं लिहा, तारखेसकट लिहा. रिपोर्ट आल्यानंतर सांगितलेली गोष्ट सबब वाटते, आधी लिहिलेली असेल तर ती माहिती असते. कुठली गोळी बिनानिकोटिनची तेही माहीत असू द्या, व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या सोडण्याच्या गोळ्यांमध्ये निकोटिन नसतं, त्यांच्यामुळे कोटिनीन वाढत नाही.

प्रश्न : मी कधीच ओढत नाही, पण घरात नवरा ओढतो. माझं कोटिनीन १.८ आलंय. रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिलंय, मग हे १.८ कुठून आलं? आमचं मूल दोन वर्षांचं आहे.

ताई, ते १.८ तुमच्या घरातल्या हवेतून आलंय. ज्याच्या आसपास कुणीच ओढत नाही त्याचं कोटिनीन बहुतेक वेळा १ च्या बरंच खाली असतं, चांगल्या मशीनवर ०.०५ च्याही खाली जातं. ओढणाऱ्यासोबत राहणाऱ्यांचं त्या वर, कधी १ च्या आत तर कधी काही नॅनोग्रॅमपर्यंत. नुसत्या दुसऱ्याच्या धुराने एखाद्याचं १०० च्या पुढे गेलं असं सहसा होत नाही, त्यामुळे "शेजारचा ओढतो म्हणून माझं १८० आलं" हे कारण लॅबमध्ये कुणी मानत नाही. पण १ ते १० च्या पट्ट्यात मात्र खरोखर गोंधळ असतो, तिथे दुसऱ्याच्या धुरात राहणारे आणि कधीतरी एखादी ओढणारे दोघंही सापडतात.

मघाशी कटऑफ १४-१५ वरून ३ वर आल्याचं लिहिलं ना, त्याचं कारणही हेच आहे. जुना कटऑफ १९८० च्या दशकात निघाला तेव्हा ऑफिसात, गाड्यांत, हॉटेलांत सगळीकडे धूर असायचा, न ओढणाऱ्यांच्या रक्तातही बरंच कोटिनीन सापडायचं आणि त्यामुळे रेषा वर ठेवावी लागली. मग बंद जागांत ओढायला बंदी येत गेली, न ओढणाऱ्यांची पातळी खाली आली आणि २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून संशोधकांनी प्रौढांसाठी ३ हा आकडा सुचवला.

तुमच्या रिपोर्टवरचं निगेटिव्ह एवढंच सांगतं की तुम्ही स्वतः ओढत नाही. धूर शरीरात जात नाही असं ते सांगत नाही. आणि मुलाचं आधी बघा, कारण लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं, जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं, आणि निकोटिन भिंतींवर, पडद्यांवर, कपड्यांवर चिकटून राहतं. एकाच घरात राहणाऱ्या मुलाचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्त येणं यात नवल नाही. खिडकी उघडून किंवा दुसऱ्या खोलीत ओढून भागत नाही, घराच्या पूर्ण बाहेर ओढायचं, हा कमीत कमी नियम. नवऱ्याला भांडून सांगण्यापेक्षा हा कागद दाखवा, १.८ वर बोट ठेवा आणि म्हणा की मी एकही ओढलेली नाहीये. मुलाची टेस्ट करायची असेल तर लाळेची किंवा लघवीची करा, सुई टोचायची गरज नाही.

प्रश्न : रक्त, लघवी, थुंकी, श्वास, केस... यातली सगळ्यात भरवशाची टेस्ट कुठली?

काय शोधायचंय त्यावर आहे. नेमका आकडा हवा असेल तर रक्त. लाळ जवळपास तितकीच चांगली, तिच्यात कोटिनीन रक्तापेक्षा थोडं जास्तच असतं, आणि घ्यायला सोपी. लघवीत प्रमाण जास्त असल्यामुळे स्वस्तातल्या पट्टीवरही पकडता येतं, म्हणून मेडिकलच्या ठिकाणी बहुतेक लघवीच घेतात. पट्टी फक्त हो किंवा नाही सांगते. शिवाय ती अँटिबॉडीवर चालते, आणि या अँटिबॉडीला कोटिनीनचाच पुढचा भाऊबंद हायड्रॉक्सिकोटिनीन सुद्धा थोडाफार कोटिनीनसारखा दिसतो, म्हणून वादाचा प्रसंग असेल तर एलसी-एमएस किंवा जीसी-एमएस पद्धतीने खात्री करून मागा, तिथे रेणू वजनावरून ओळखला जातो.

श्वासाची टेस्ट निकोटिनची नाहीच, ती कार्बन मोनॉक्साइडची. तो वायू ४-५ तासांत निम्मा होतो, म्हणजे काल ओढली नि आज नाही ओढली तर मशीनला पत्ता लागत नाही, आणि तंबाखू चघळणाऱ्याला, पॅचवाल्याला किंवा वेप करणाऱ्याला तर ती मुळीच पकडत नाही. तरी तंबाखू सोडवणाऱ्या केंद्रांमध्ये मला ती फार आवडते कारण फुंकर मारली की जागेवर आकडा दिसतो आणि सोडल्यावर एक-दोन दिवसांतच तो खाली आलेला माणूस स्वतः बघतो.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळापासून ३ सेंटिमीटर म्हणजे मागचे ३ महिने. पण धूर केसांवर बाहेरूनही बसतो, काळ्या केसांत रंगद्रव्यामुळे निकोटिन जास्त धरून ठेवलं जातं, कलर-ब्लीच केलं की कमी होतं. एका माणसाचा न्याय करायला मी केसांचा आकडा वापरणार नाही.

प्रश्न : मॅडम खरं सांगा, भरपूर पाणी पिऊन किंवा लिंबूपाणी-व्हिनेगर पिऊन टेस्ट निगेटिव्ह करता येते का? पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे माझं आणि दोन दिवसांपूर्वी एक ओढली गेली, घरी कळलं तर गोंधळ होईल.

नाही करता येत. पाण्याने लघवी पातळ होते हे खरंय, पण लॅब त्याच सॅम्पलमधलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंमधून येऊन लघवीवाटे बाहेर पडणारा नेहमीचा टाकाऊ पदार्थ, मोजते, ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की सॅम्पल पातळ आहे अशी नोंद होते आणि पुन्हा बोलावतात, किंवा कोटिनीन क्रिएटिनिनच्या प्रमाणात काढतात मग पाण्याचा उपयोग शून्य. आंबट पिऊन लघवी आम्ल झाली तर निकोटिन थोडं जास्त बाहेर पडतं, पण मोजतात ते कोटिनीन, त्याच्यावर आम्लाचा म्हणावा असा परिणामच होत नाही. रक्ताच्या टेस्टला तर यातलं काहीच लागू नाही.

पण मला तुमच्याशी टेस्टबद्दल बोलायचंच नाहीये. भूल तुम्हाला देणार आहेत, टाके तुमच्या अंगावर पडणार आहेत. आजच सर्जनना किंवा भूलतज्ज्ञांना फोन करा आणि सांगा की दोन दिवसांपूर्वी एक ओढली. बहुतेक वेळा ते ओरडत नाहीत, ऑपरेशन किती तातडीचं आहे ते बघून तारीख ठेवायची की पुढे न्यायची ते ठरवतात, पॅच चालेल का तेही तेच सांगतील. चार आठवडे पुढे गेलं तर गेलं. घरच्यांना कळायची भीती असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, पेशंटची गोष्ट पेशंटला न विचारता घरी न सांगणं हे त्यांचं कामच आहे.

प्रश्न : मी आणि माझा मित्र दोघंही रोज १० सिगरेटी ओढतो. त्याचं कोटिनीन ३१०, माझं १४०. मी लाइट ओढतो म्हणून का?

लाइटमुळे नाही. १९८३ मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की कमी निकोटिनच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सिगरेटी ओढणाऱ्यांच्या रक्तातलं कोटिनीन कमी नसतं. पाकिटावरचा आकडा मशीनने ठरावीक झुरके मारून काढलेला असायचा, माणूस तसा ओढत नाही, त्याला हवं तितकं निकोटिन मिळेपर्यंत तो खोल ओढतो, जास्त वेळा ओढतो, फिल्टरची भोकं बोटांनी दाबतो. एका सिगरेटमधून साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जातं आणि तेवढं तो काढून घेतोच. २० वरून १० वर आलेल्यांचं कोटिनीन निम्मं होत नाही त्याचंही कारण हेच.

तुमच्या दोघांतला फरक झुरक्यांमुळे असेल नाहीतर एन्झाइममुळे. सीवायपी२ए६ चं जीन काहींमध्ये असं असतं की एन्झाइम हळू चालतं, काहींमध्ये जोरात. गंमत अशी की हळू असेल तर कोटिनीन तयारही हळू होतं, पण ते पुढे मोडायलाही तेच एन्झाइम लागतं, त्यामुळे ते साठून राहतं आणि आकडा मोठा दिसतो. म्हणजे १४० वाला कमी ओढतो आणि ३१० वाला जास्त, असं सरळ म्हणता येत नाही. हे ओळखायला हायड्रॉक्सिकोटिनीन भागिले कोटिनीन असं गुणोत्तर काढतात, जास्त आलं तर एन्झाइम वेगवान. आणि याचा खरा उपयोग आहे, २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत एन्झाइम वेगवान किंवा सामान्य असणाऱ्यांना पॅचपेक्षा व्हॅरेनिक्लिनने जास्त यश मिळालं, हळू असणाऱ्यांमध्ये मात्र व्हॅरेनिक्लिनचा पॅचपेक्षा जास्त फायदा दिसला नाही आणि त्रास जास्त जाणवला. पॅच लावूनही तलफ जात नसेल तर तो मनाचा कमकुवतपणा आहे असं समजू नका, लिव्हर भराभर निकोटिन संपवत असेल.

प्रश्न : गरोदर बाईची टेस्ट वेगळी असते का?

टेस्ट तीच, वाचायची वेगळी. गरोदरपणात हे एन्झाइम खूप जोरात चालतं, कोटिनीनचं अर्धायुष्य १७ तासांवरून ९ तासांच्या आसपास येतं. तितक्याच सिगरेटी ओढून आकडा कमी दिसतो आणि बाई म्हणते बघा कमी झालं माझं. म्हणून तिच्यासाठी कटऑफ खालचा धरावा लागतो. बाळंतपणानंतर आकडा वाढलेला दिसला तरी ओढणं वाढलंच असेल असं नाही. आणि निकोटिन दुधात उतरतं, रक्तापेक्षा जास्त प्रमाणात, हे अंगावर पाजणाऱ्या आईला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं, धाक घालून नाही.

प्रश्न : वांगी-टोमॅटोत निकोटिन असतं म्हणतात. त्याने पॉझिटिव्ह येईल का?

असतं, पण नाममात्र. वांग्यात ग्रॅममागे ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका सिगरेटमधून शरीरात जातं तेवढं निकोटिन मिळवायला १० किलो वांगी लागतील. खा बिनधास्त.

प्रश्न : मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. शरीरातलं निकोटिन सगळ्यात आधी कुणी शोधलं?

हा प्रश्न आला आणि मला फार आनंद झाला, कारण यामागे एक खुनाचा खटला आहे. तंबाखूतून शुद्ध निकोटिन वेगळं केलं ते १८२८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॉसेल्ट आणि रायमान या दोघांनी. ते भयंकर विष आहे हे लवकरच कळलं, पण मेलेल्या माणसाच्या शरीरातून वनस्पतीचं विष परत काढून दाखवायची पद्धतच कुणाकडे नव्हती, आणि मोठमोठे विषतज्ज्ञ म्हणत होते की हे जमणारं नाही. १८५० मध्ये बेल्जियममध्ये बोकार्मे नावाच्या एका सरदाराने पैशासाठी बायकोच्या भावाला निकोटिन पाजून मारलं. त्याने आधी रसायनशास्त्र शिकून घेऊन तंबाखूच्या पानांतून निकोटिन स्वतः काढलं होतं, आणि खुनानंतर वास लपवायला प्रेतावर व्हिनेगर ओतलं होतं.

तपासासाठी अवयव ब्रसेल्सला झां स्तास या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. त्याने ते आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये घालून, गाळून, मग अल्कली टाकून ईथरमध्ये विष ओढून घेतलं, ईथर उडून गेलं आणि मागे तंबाखूच्या तीव्र वासाचा तेलकट थेंब राहिला. निकोटिन अल्कली धर्माचं आहे, आम्लात पाण्याकडे जातं आणि अल्कलीत ईथरकडे, एवढ्या एका गुणावर त्याने सगळी पद्धत उभी केली. १८५१ मध्ये बोकार्मेला मृत्युदंड झाला. पुढे ओटो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या पद्धतीत सुधारणा केली आणि स्तास-ओटो पद्धत म्हणून ती विषशास्त्रात आजही शिकवतात. मशीनला घालायच्या आधी आम्ही सॅम्पल तयार करतो तेव्हा पीएच बदलून सॉल्व्हंटमध्ये ओढून घेणं ही युक्ती अजून वापरली जाते, फरक एवढाच की त्याला थेंबभर निकोटिन लागलं आणि आता अब्जांश ग्रॅममध्ये मोजतो. कोटिनीन मोजायची अँटिबॉडीवरची पद्धत १९७३ मध्ये आली, तिथून ही टेस्ट हजारो लोकांवर करणं शक्य झालं. तू हे वाचून विषशास्त्राकडे वळलीस तर मला नक्की कळव.

प्रश्न : मला कुणी टेस्ट सांगितलेली नाही. सोडून १५ दिवस झालेत. स्वतःसाठी म्हणून करून घ्यावी का?

जरूर करा, आणि सोडायच्या आधीचा आकडा असेल तर अजूनच छान, नसेल तर राहू दे. निकोटिनचं काहीच घेत नसाल तर आत्ता कोटिनीन ३ च्या खाली असायला हवं. पॅचवर असाल तर कोटिनीनच्या नादी लागू नका, ते वरच येणार आणि उगीच हिरमोड होईल, त्याऐवजी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजून घ्या, ५-६ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) खाली आला म्हणजे धूर बंद आहे. पॅच वगैरे नसताना कोटिनीन ३ च्या वर आलं आणि तुम्ही खरंच काही घेतलेलं नसेल तर घरात, गाडीत, कामाच्या जागी तुमच्याजवळ कोण ओढतंय ते आधी बघा, ते थांबवा आणि आठवड्याने पुन्हा त्याच लॅबमध्ये, त्याच प्रकारचं सॅम्पल द्या. लॅब बदललीत तर पद्धत नि कटऑफ बदलतो आणि दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.